मालिकेत रोल मिळालाय, बँकेची नोकरी सोडू का? आणि नाटकाचं काय?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते: मुलगा २६ वर्षांचा, सांगलीचा, सहकारी बँकेत पर्मनंट क्लार्क, कॉलेजपासून एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर अभिनयाचं प्रमाणपत्र. पुण्याच्या एका ग्रुपच्या व्यावसायिक नाटकात छोटं काम करतो, शनिवार-रविवार जाऊन येऊन. आता एका डेली मालिकेत हिरोच्या धाकट्या भावाचा रोल मिळालाय, शूटिंग मुंबईत, पुढच्या महिन्यात लूक टेस्ट, म्हणजे रोलचे कपडे-मेकअप करून कॅमेऱ्यासमोर बघतात ती. घरचे म्हणतात पर्मनंट नोकरी सोडू नकोस. त्याला भीती अशी की मालिका घेतली तर नाटक सुटेल. आणि शेवटी लिहिलंय की माझ्यात तेवढं टॅलेंट आहे का हे कसं कळणार.

टॅलेंटचा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. चॅनेलने तुला लूक टेस्टपर्यंत नेलंय म्हणजे तिथल्या चार माणसांना तू त्या रोलला चालशील असं वाटलंय, एवढं पुरे. तुझा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो, तू तो सरळ विचारलेला नाहीस. हातात एक काम आहे, ते किती दिवस चालेल कुणी सांगू शकत नाही, आणि ते संपल्यावर दुसरं मिळेपर्यंतचे महिने कसे काढायचे, हा तो प्रश्न. आमच्या धंद्यात कामाचे दिवस सगळ्यांना दिसतात, मधले कुणाला दिसत नाहीत आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलतही नाही. नट टिकतो की नाही ते मात्र त्या मधल्या दिवसांवर ठरतं.

मी कराडची. २००१ ला मुंबईत आले, तेव्हापासून मालिका आणि नाटक दोन्ही करतेय. हिरॉइन कधीच नव्हते. मोठी बहीण, मग वहिनी, मग काकू, आता आई आणि आत्या. म्हणजे तुला जो रोल मिळालाय, बाजूचा, त्याच जातीचे रोल मी आयुष्यभर केले, म्हणून हे लिहायचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं.

घरचे नोकरीबद्दल जे म्हणतायत ते भित्रेपणाचं समजू नकोस. मराठी रंगभूमी नोकरी करणाऱ्या माणसांनीच चालवली. बँका, बेस्ट, एलआयसी, मंत्रालय, सगळीकडे नाटकवाले होते, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा तर नोकरदारांच्याच. प्रशांत दामले सुरुवातीला बेस्टमध्ये नोकरीला होते. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, मेडिकल कॉलेजात शिकवायचे आणि नाटकंही करायचे. डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण तर प्रत्येक नवीन मुलगा देतो, की बघा, नाक-कान-घशाचे सर्जन होते, सगळं सोडून नट झाले. पण कधी सोडलं ते कुणी बघत नाही. १९६९ साली, वयाच्या ४२व्या वर्षी. त्याआधी पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेत भालबा केळकरांबरोबर वर्षानुवर्षं हौशी नाटक केलं, डॉक्टरकी चालू ठेवून, मध्ये आफ्रिकेत टांझानियाला जाऊन नोकरी केली. सोडलं तेव्हा हातात तेवढ्या वर्षांचा सराव होता.

ते जमायचं कारण साधं होतं. नाटक संध्याकाळी आणि सुट्टीला असायचं, दिवस मोकळा असायचा. दूरदर्शनच्या काळात मालिकाही आठवड्याला एक, तेरा भागांच्या, रजा टाकून व्हायच्या. १९९९ नंतर खाजगी मराठी चॅनेलं आली, हळूहळू सगळं डेली झालं आणि नटाचा अख्खा दिवसच कामाला लागला. १२ तासांची शिफ्ट, जायचे-यायचे धरून १५. त्यामुळे नोकरी सांभाळून डेली मालिका होत नाही, कुणी होते म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. मालिका हीच एक नोकरी आहे, फक्त तिला पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि तुला काढायचं तर नोटीस किती दिवसांची ते अॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात, इंग्रजीत असतं. तिच्याकडे नोकरी म्हणून बघ. स्वप्न म्हणून बघितलंस तर सही करताना काहीच विचारणार नाहीस.

आता पैशाचं कॅलेंडर, हे नीट वाच, हे घरच्यांनाही दाखव. समज तू १ जूनला सेटवर गेलास. पैसे पर-डे असतात, महिनाअखेर बिल जातं आणि तिथून साधारण ९० दिवसांनी पेमेंट होतं. म्हणजे जूनचे पैसे सप्टेंबरअखेर, कधीकधी ऑक्टोबर उजाडतो. त्यातून १० टक्के टीडीएस कापलेला असतो, तो जास्त गेला असेल तर रिटर्न भरल्यावर पुढच्या वर्षी परत येणार. काम को-ऑर्डिनेटरने, म्हणजे नटांना कामं मिळवून देणाऱ्या माणसाने, आणलं असेल तर त्याचं कमिशन वेगळं. आणि मुंबईतल्या खोलीचं डिपॉझिट मात्र मे महिन्यातच द्यायचं. म्हणजे पहिले चार महिने तू रोज टीव्हीवर दिसणार, गावाकडे लोक आईला थांबवून सांगणार मुलगा छान काम करतो, आणि तुझ्या खात्यात एक रुपया आलेला नसणार. हे ज्याला आधी माहीत नसतं तो त्या चार महिन्यांत उधारीत जातो आणि मग ती फेडण्यासाठी मिळेल ते काम घेत सुटतो.

दुसरं, दिवस किती. हिरो-हिरॉइनला महिन्याला २०-२२ दिवसांची गॅरंटी मिळते, धाकट्या भावाला बहुतेक वेळा मिळत नाही. लग्नाचा, गणपतीचा ट्रॅक, म्हणजे गोष्टीतला तसा भाग, चालू असेल तर घरातले सगळे रोज लागतात, तुझे २३ दिवस भरतील. पुढच्या महिन्यात गोष्ट हिरॉइनच्या माहेरी गेली की तुझे पाच. आणि ट्रॅक कुणीकडे जाणार ते दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की ठरतं. तुझ्या कामावर ते ठरतंच असं नाही, हे मनाला आधीच सांगून ठेव, नाहीतर फार लागतं.

मला २०११ साली लागलं होतं. एका मालिकेत काकू करत होते, १४ महिने झाले होते, रोल चांगला चालला होता. एक दिवस सकाळी मेकअप करून बाहेर पडले तर आर्टमधला दादा काखेत फ्रेम घेऊन समोरून आला. फ्रेममध्ये माझा फोटो, लूक टेस्टच्या दिवशीचा, जांभळ्या साडीतला, आणि त्याला चंदनाचा हार. त्याला बिचाऱ्याला वाटलं मला माहीत असणार. तो थांबला आणि विचारलं, ताई, हार असाच ठेवू का थोडा खाली घेऊ, चेहरा झाकतोय का? मी म्हटलं थोडा खाली घे. गोष्ट ठरवणाऱ्या क्रिएटिव्ह टीमचा फोन त्या दिवशी संध्याकाळी आला, चार दिवसांनी माझं काम संपलं. त्या दादाचा मला कधीच राग आला नाही, त्याने निदान मला काहीतरी विचारलं तरी.

पण हे सांगायचं कारण पुढे आहे. काम गेलं तरी ९० दिवसांच्या हिशोबाने मला पुढचे तीन महिने जुने पैसे येतच होते, त्यामुळे उत्पन्न थांबलंय हे डोक्याला कळत होतं पण हाताला कळत नव्हतं, खर्च आधीसारखाच चालू. चौथ्या महिन्यात खातं एकदम कोरडं झालं आणि त्याच महिन्यात मुलीच्या शाळेची फी भरायची होती. बहिणीकडून घेतले. तेव्हापासून माझा नियम आहे, शेवटचा कामाचा दिवस झाला की त्याच रात्री वहीत तारीख लिहायची आणि येणारे पैसे किती महिने पुरतील ते काढायचं. तू बँकेतला आहेस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

आता नाटकाचं. सुटतं का? सुटू शकतं, माझ्याबरोबरच्या निम्म्या लोकांचं सुटलं. कारण आवड कमी झाली असं नाही, तारखा जुळेनात. नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्याला काही महिने आधी वाटून मिळतात, शनिवार-रविवारच्या तारखेसाठी तो जीव टाकतो, आणि मालिकेचं शेड्यूल तुला आदल्या रात्री कळतं. एक ठरतं चार महिने आधी, दुसरं नऊ तास आधी, आणि मध्ये तू.

एक शनिवार सांगते. सेट मढला, प्रयोग ठाण्याला गडकरी रंगायतनला रात्री साडेआठचा. सकाळी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मला चारला सोडा, सगळे हो म्हणाले. चारला हिरॉइनचा क्लोज, म्हणजे जवळून चेहऱ्याचा शॉट, चालू, पाचला लाईट बदलले, साडेपाचला कळलं माझं सजेशन, म्हणजे समोरच्याच्या शॉटमध्ये पाठमोरं उभं राहणं, राहिलंय. सुटले सहा चाळीसला. मढहून मालाड रिक्षा, मालाडहून दादर, दादरला पूल ओलांडून ठाण्याची फास्ट. लेडीज डब्यात उभी राहून खोबरेल तेलाने मालिकेचा मेकअप पुसला, कारण नाटकातली बाई विधवा आणि माझ्या कपाळावर ही मोठी टिकली, भांगात कुंकू. एका बाईने काही न विचारता स्वतःचा रुमाल पुढे केला. स्टेशनवरून तलावाच्या कडेने धावत गेले, पोचले तेव्हा आठ पन्नास झाले होते. तिसरी घंटा माझ्यासाठी थांबवलेली, पहिल्याच प्रवेशात मी होते. आत आमचे एक ज्येष्ठ नट कॉस्च्यूम घालून विंगेत उभे, साडेसातपासून तयार. ते मला एक शब्द बोलले नाहीत. मला आजही ते आठवलं की पोटात खड्डा पडतो. तिकीट काढून आलेली माणसं वीस मिनिटं बसून होती आणि त्यांना तांत्रिक अडचण असं सांगितलं गेलं होतं.

त्यानंतर मी तोंडी काही ठेवलं नाही. अॅग्रीमेंटला जोडून वेगळा कागद, त्यावर महिन्यातले नाटकाचे दिवस आणि त्या दिवशी दुपारी दोनला सुटका असं स्पष्ट लिहिलेलं, खाली प्रॉडक्शनची सही. पहिल्यांदा मागितलं तेव्हा वाटलं काम जाईल. गेलं नाही. ज्या प्रॉडक्शनमध्ये नाटकाची माणसं आहेत ती पटकन देतात, काही ठिकाणी महिन्याला चारच दिवस मिळतात, काही साफ नाही म्हणतात. पण तो नकार सहीच्या आधी कळलेला बरा. आणि तुझ्याही बाजूने शिस्त ठेव. तारखा हातात आल्या की त्याच दिवशी ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला, मेसेज, प्रत्येक सोमवारी आठवण, आणि एखाद्या सोमवारी त्यांनी जादा काम मागितलं तर कुरकुर न करता कर. तू अडल्या वेळी उभा राहिलास तर शनिवारी तुला सोडायला माणसं धडपडतात, हे मी पाहिलंय.

पण नाटक धरून ठेवायचंच का? नवीन माणसाला नाटकात पैसे कमी. माझी पहिली नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, २०० रुपये होती, इंटरव्हलला पाकीट मिळायचं, ते उघडून बघायची लाज वाटायची म्हणून घरी जाऊन बघायचे. आजही तुझ्यासारख्याला दोन-अडीच हजार मिळाले तर चांगले, महिन्याला आठ-दहा प्रयोग लागले तर नाटक जोरात चाललंय म्हणायचं, आणि परीक्षांच्या दिवसांत, जून-जुलैच्या पावसात ते दोनावर येतात. नुसत्या त्याच्यावर मुंबईत भाडं निघत नाही. मी नाटक ठेवायला सांगते ते दुसऱ्या कारणाने.

मालिकेत सीन सेटवर हातात येतो. दोन-तीन पानं, लायटिंग होईपर्यंत पाठ करायची, मास्टर, म्हणजे अख्खा सीन एका शॉटमध्ये, द्यायचा, मग क्लोज, मग समोरच्याच्या क्लोजला सजेशन, आणि झालं की विसरून जायचं, नाहीतर पुढचा सीन डोक्यात बसतच नाही. हे विसरणं एक कौशल्य आहे, सहा महिन्यांत येतं. पण ते आलं की पाठ ठेवण्याची सवय मोडते. त्याच काकूच्या मालिकेच्या काळात नाटकात दुसऱ्या अंकात, लग्नाच्या बोलणीचा प्रसंग चालू, माझं वाक्य आलं आणि डोक्यात काहीच नाही. पांढरं. जे वाक्य मी सव्वाशे वेळा बोलले होते ते. समोरच्या नटाने शांतपणे तांब्या उचलला, माझ्या पेल्यात पाणी ओतलं आणि म्हणाला, वहिनी, तुम्ही मघाशी देण्याघेण्याचं काहीतरी म्हणत होतात. प्रेक्षकांना कळलं नाही. मला कळलं की माझं काय चाललंय.

आवाजाचंही तेच होतं. छातीवर लेपल माइक लावलेला असतो, कुजबुजलं तरी चालतं, वर्षभरात आवाज गळ्यातच राहायला लागतो. शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेला वाक्याचं शेवटचं अक्षर पोचवायचं ते पोटातून पोचवायचं असतं, ते रोज केलं नाही तर जातं. उलट मालिकेने मला जे दिलं तेही सांगायला हवं. क्लोजमध्ये पापणी जास्त हलली तरी दिसते, त्यामुळे गप्प बसून ऐकायला मी मालिकेत शिकले. आधी स्टेजवर दुसऱ्याचं वाक्य चालू असताना माझे हात काहीतरी करत राहायचे. आता करत नाहीत. तेव्हा मालिका म्हणजे हलकं काम असं जे नाटकवाले म्हणतात ते ऐकू नकोस, दिवसाला सात-आठ सीन चांगले देणं फार अवघड आहे. फक्त तिथे चूक झाली तर रीटेक आहे, आणि जो नट वर्षानुवर्षं रीटेकवर जगला त्याला पुढे स्टेजवर पाऊल टाकायची भीती बसते. अशी चांगली चांगली माणसं मी बघितली आहेत. पन्नाशीत मालिका कमी झाल्या, नाटकाला बोलावलं, आणि त्यांनी नाही म्हटलं, कारण धीर नव्हता.

मुंबईत राहायचं कुठे, हे घाईत ठरवू नकोस. लूक टेस्टला गेलास की सेट कुठे पडणार ते विचार. फिल्मसिटी किंवा मढ असेल तर मालाड-बोरिवलीकडे, घोडबंदर रोड असेल तर ठाण्यात. एकट्याने खोली घेऊ नकोस, दोघं-तिघं मिळून घ्या. २०१६-१७ पासून सातारा-कोल्हापूरकडेही मालिका शूट व्हायला लागल्यात, तसं काही पुढे मिळालं तर तुझ्यासाठी सोन्यासारखं. आणि ऑडिशनसाठी, पोर्टफोलिओसाठी, कार्डसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून निघून ये, खरं काम देणारा नटाकडे पैसे मागत नाही.

अजून एक, हातात तिसरं काहीतरी ठेव. मार्च २०२० ला शूटिंग आणि प्रयोग एकाच आठवड्यात थांबले. शूटिंग जूनअखेर सुरू झालं, पण ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी होती, ऑगस्टमध्ये हायकोर्टाने ती उठवली, तोपर्यंत आमच्या मालिकेतल्या आजी घरी बसून होत्या आणि फोनवर रडायच्या. नाट्यगृहं मध्ये थोडे दिवस अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, परत बंद झाली, आणि शेवटी २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. एवढा काळ मी डबिंगवर काढला, कपाटात गोधड्या टांगून त्यात बसून रेकॉर्डिंग करायचे. डबिंग मी २००५ मध्येच शिकले होते म्हणून ते जमलं. तुझी भाषा सांगलीकडची आहे, ती घालवू नकोस, प्रमाण मराठीही पक्की कर, दोन्ही असतील तर आवाजाचं काम मिळत राहतं. मे महिन्यात मुलांची नाट्यशिबिरं घेता येतात, आकाशवाणीची नाटकाची ऑडिशन देऊन ठेव.

तर तुझ्या बाबतीत मी काय करेन. तू एक गोष्ट लिहिली नाहीस, घरी तुझ्या पगारावर कोण आहे, कर्जाचा हप्ता आहे का. तसं असेल तर आत्ता हा रोल सोडलास तरी माझ्या नजरेत तू कमी नट ठरत नाहीस, राज्य नाट्य आणि ते पुण्याचं नाटक चालू ठेव, २६ म्हणजे काही वय गेलेलं नाही. तसं नसेल तर रोल घे. पण राजीनामा शेवटी. आधी बँकेत बिनपगारी रजा मागून बघ, सहा महिन्यांची, नाही दिली तर तीनची, सहकारी बँकेत संचालकांपैकी कुणी नाटकवेडा असतोच, त्याला जाऊन प्रत्यक्ष भेट. आठ महिन्यांचा मुंबईचा खर्च बाजूला पडल्याशिवाय सही करू नकोस, आणि तो घरून घेणार असशील तर बाबांना सांगून, आकडा कागदावर लिहून घे. चॅनेलला गॅरंटीचे दिवस विचार, मिळणार नाहीत कदाचित, पण विचार. पुण्याच्या ग्रुपला आजच फोन करून खरं सांग, त्यांना तुझ्या जागी रिप्लेसमेंट तयार ठेवू दे, तुझा प्रयोग हुकला तर त्यांचा प्रयोग अडायला नको. असं आधी सांगणाऱ्या नटाला ग्रुप सहसा तोडत नाही.

आई-बाबांना एकदा लूक टेस्टला नको, पण शूटिंग सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सेटवर घेऊन जा, एक दिवस पूर्ण बसू दे. माझ्या वडिलांनी सहा वर्षं माझ्याशी या विषयावर नीट बोलणं टाळलं होतं. एकदा घोडबंदरच्या सेटवर सकाळी नऊ ते रात्री नऊ एका खुर्चीत बसले, जाताना म्हणाले, जेवायला वेळेवर देतात का तुला रोज? तेवढंच. पण त्यानंतर फोनवर पहिला प्रश्न कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, किती वाजताचा हा असायचा.

अॅग्रीमेंट हातात आलं की नावं आणि रक्कम काढून कलमं इथेच टाक, मी वाचून सांगते कुठे काय मागायचं. फक्त ११ ते २० आमचा दौरा आहे, चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी, मग मडगाव, बसमध्ये रेंज नसते, तेव्हा उत्तर रात्री प्रयोग सुटल्यावर येईल.